आपण नेमकं कशाला भितो?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून विषय सुचवला होता, 'संगणक क्रांती आणि ग्रामीण विद्यार्थी'. मी म्हणाले, या विषयावर मला वर्षातून चार ठिकाणी बोलावं लागतं, गावात तरी सुटका करा. मी भुताच्या सिनेमांवर बोलते. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग उत्तर आलं, "बोला बाई, पण सर लोक समोर बसणार आहेत, जरा बघून." म्हणून आधीच सांगते, सर, यात अंधश्रद्धेचा प्रचार नाही. तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकवलेलं सगळं शाबूत आहे.

झालं असं की, दिवाळीनंतर एकदा मी आपल्या ग्रुपवर सहज विचारलं, आयुष्यात सगळ्यात जास्त भीती तुम्हाला कोणत्या सिनेमाची वाटली? सकाळी फुलांचे फोटो आणि संध्याकाळी हळदीचे भाव एवढंच चालणाऱ्या आपल्या ग्रुपवर तीन दिवस नुसती झुंबड उडाली. बहुतेकांनी रामसे बंधूंचे सिनेमे लिहिले, 'पुराना मंदिर', 'वीराना'. दोघा-तिघांनी राम गोपाल वर्माचा 'रात'. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलेल्यांनी त्याच दिग्दर्शकाचा 'भूत'. एकानं 'झपाटलेला' लिहिलं आणि बाकीच्यांनी त्याला दोन दिवस धारेवर धरलं, कारण तो सिनेमा म्हणजे महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे, हसून हसून पोट दुखायचं. वीज उपकेंद्रात रात्रपाळी करणाऱ्या आपल्या मित्रानं लिहिलं, "मला कोणत्याच पिक्चरची भीती वाटत नाही. वायरमन खांबावर असताना फोन उचलत नाही तेव्हा वाटते." आणि एका मैत्रिणीनं ग्रुपवर काहीच न लिहिता मला वेगळा मेसेज केला, "लपाछपी. पूर्ण नाही बघितला." तिच्याबद्दल मी नंतर बोलते.

उत्तरं वाचताना मला सिनेमाच्या नावांपेक्षा पुढची वाक्यं जास्त आवडली. कारण प्रत्येकानं नाव लिहिल्यावर आपोआप पुढं लिहिलं होतं की तेव्हा आम्ही कुठं राहायचो, घरात कोण होतं, लाईट होती की नव्हती. सिनेमाची गोष्ट फार कमी जणांना आठवत होती.

आधी दचकणं बाजूला काढू, कारण भीती म्हणून आपण जे सांगतो त्यातलं निम्मं दचकणंच असतं. कानाजवळ अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान खांद्यात जाते, हात आवळतात. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं, आपला विचार करणारा मेंदू जागा व्हायच्या आत. हुशार असो, मठ्ठ असो, शूर असो, कुणाचं काही चालत नाही. तान्हं बाळसुद्धा तसंच दचकतं. मी एकदा रिकाम्या वेळात एका सिनेमातल्या भुताच्या प्रसंगाचा फक्त आवाज काढून संगणकावर त्याचा आलेख बघितला. बराच वेळ जवळजवळ सपाट रेघ, आणि मग एकदम भिंत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा तीन ओळींचा प्रोग्राम आहे. शांतता ठेवा, थांबा, मोठ्यानं वाजवा. घरी करून बघा, अशा प्रसंगाला टीव्हीचा आवाज बंद करा. भूत बिचारं तोंड वासून उभं राहतं आणि आपण चहा पीत राहतो.

दचकणं सगळ्यांचं सारखंच असतं, म्हणून त्यात मला फारसा रस नाही. ते पार्किंगमध्ये येईपर्यंत संपतं. सिनेमा संपल्यावर आपल्याबरोबर घरी जे येतं आणि रात्री पाणी प्यायला उठलो की स्वयंपाकघराच्या दारात उभं असतं, ते मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे ठेवले. भयानकाच्या मुळाशी भीती, बीभत्साच्या मुळाशी किळस. रामसेंच्या सिनेमात आपण भितो म्हणायचो तेव्हा बऱ्याचदा आपल्याला किळस येत असायची, सडलेलं तोंड, लाळ, किडे. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी आठवतो ना? तो उंचापुरा सामरी साकारणारे अजय अग्रवाल मुळात रुडकीला शिकलेले इंजिनिअर. हे कळल्यापासून मला सामरीची भीती वाटेनाशी झाली, उलट आपल्या जातभाईबद्दल वाटतो तसा अभिमान वाटतो. नाट्यशास्त्रात असंही म्हटलंय की भय हे स्त्रियांचं आणि हलक्या प्रकृतीच्या माणसांचं. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकला.

आता 'झपाटलेला'. १९९३ चा सिनेमा. आपण तेव्हा सातवीत. आपला जिल्हा अजून परभणीच होता, हिंगोली व्हायला १ मे १९९९ उजाडायचं होतं. गणपतीत वर्गणी काढून भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचे, रात्रभर तीन पिक्चर, मध्ये लाईट गेली की जनरेटरची वाट बघत तिथंच पोत्यावर झोपायचं. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू मरताना आपला आत्मा बाहुल्यात घालतो, एवढी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तो बाहुला रामदास पाध्यांनी केला होता. सगळी पोरं हसत होती, आणि आपला एक मित्र मात्र त्या रात्री झोपला नव्हता. त्यानं ग्रुपवर कारण लिहिलं आणि मग चेष्टा थांबली. त्याच्या बहिणीला नांदेडहून बाहुली आणली होती, आडवी केली की डोळे मिटणारी, उभी केली की उघडणारी. ती कोनाड्यात ठेवलेली असायची, बरोबर त्याच्या अंथरुणासमोर. तिचा एक डोळा पूर्ण मिटत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं ती नेऊन तुऱ्हाट्यांच्या ढिगात खुपसली आणि बहीण आठ दिवस रडली.

मासाहिरो मोरी नावाच्या जपानी यंत्रमानवतज्ज्ञानं १९७० मध्ये एक छोटासा लेख लिहिला होता. यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की आपल्याला तो आवडत जातो. पण अगदी माणसासारखा, तरी थोडा चुकलेला झाला की आपलं मन एकदम मागं सरतं. आलेखात ती रेघ दरीसारखी खाली कोसळते. अर्धवट मिटणाऱ्या डोळ्याची बाहुली त्या दरीत बसलेली असते. 'झपाटलेला'त दरी होतीच, आपल्याला लक्ष्याच्या विनोदांनी तिच्यावरून उचलून पलीकडं नेलं. ज्याच्या घरात तसलीच बाहुली होती, तो अलीकडंच राहिला.

याच्या उलटही होतं. माझी आत्या एकदा पुण्याला आली होती. माझ्या नवऱ्यानं मोठ्या हौसेनं तिला 'द एक्झॉर्सिस्ट' दाखवला. १९७३ चा सिनेमा, अमेरिकेत म्हणे थिएटरात लोक चक्कर येऊन पडले होते. त्या पोरीच्या अंगात सैतान शिरतो, ती घोगऱ्या आवाजात बोलते, पलंग उडतो. आत्या सुपारी कातरत शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, "अंगात आलंय लेकराच्या. एवढा गोंधळ काहून करायलेत? हळदीकुंकू लावा, नारळ फोडा, काय मागतंय ते विचारा." आपल्याकडे अंगात येणाऱ्या बाईच्या पाया पडतात. सैतान ही कल्पनाच आत्याच्या घरात कधी आली नव्हती, तर ती तिला कुठून घाबरणार? मुंजाचंही तसंच. २०२४ साली 'मुंज्या' सिनेमा आला, कोकणातल्या मुंजाचा. माझ्या ऑफिसातली दिल्लीची मुलगी ते बघून पिंपळाखालून जायला घाबरायला लागली. मला आठवला तो आपल्याकडच्या बांधावरचा शेंदूर फासलेला दगड. त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय पेरणी करत नाहीत. ज्याला आपण जेवायला वाढतो, त्याला किती भ्यायचं?

आता 'तुंबाड'. २०१८ साली आलेला हा सिनेमा सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. १९९३ साली जंगलात मुक्काम असताना एका मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट तोंडी सांगितली, तिची भीती त्यांच्या डोक्यात राहिली आणि तिथून हा सिनेमा सुरू झाला. (धारप आपल्या वर्गातही वाचले जायचे, गणिताच्या पुस्तकात घालून. सर, आता सांगायला हरकत नाही.) कोकणातला धो धो पाऊस, पडका वाडा, त्याच्या पोटात शापित देव हस्तर, आणि त्याच्या सोन्याच्या मोहरांसाठी १९१८ पासून १९४७ पर्यंत पिढ्या दर पिढ्या आत उतरणारी माणसं.

त्या सप्टेंबरात माझी आई पुण्याला आली होती. मी, आई आणि माझी चौदा वर्षांची लेक, तिघी गेलो. आई सुरुवातीला मजेत होती, पाऊस बघून "आपल्याकडं अर्धा जरी पडला" वगैरे चाललं होतं. मग एका ठिकाणी पडद्यावर विशेष काहीच नव्हतं, फक्त खालून एक आवाज सुरू झाला. खर्जातला. कानाला कमी आणि खुर्चीला जास्त कळणारा. आईनं माझं मनगट धरलं. मी वळून बघेपर्यंत ती उभी राहून वाट काढायला लागली होती. मागच्या रांगेतली पोरं हसली, त्यांना वाटलं आजी हस्तरला भ्यायल्या.

बाहेर येऊन ती भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत उभी राहिली. तुम्हाला कुणाला याचं कारण सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन छप्पन्न. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटर असेल, पण आपल्याही मांडणीवरची भांडी वाजली होती. तिकडं दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली आणि हजारो लोक गेले. त्यानंतर आपण किती दिवस अंगणात झोपलो? आमच्या घरी माळवद होतं, वडिलांनी पुढच्या दोन वर्षांत ते उतरवून पत्रे टाकले. उन्हाळ्यात भाजून निघायचो, पण आई म्हणायची, पत्रा अंगावर पडला तरी माणूस जगतो.

आणि ते संपलंय कुठं? आपल्याच वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आजूबाजूच्या गावांत जमिनीतून गुडगुडल्यासारखा आवाज येतो, वर्षानुवर्षं. पेपरवाले त्याला 'गूढ आवाज' म्हणतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ रिश्टरचा धक्का बसला, दहा-अकरा मिनिटांनी दुसरा. जुलैत पुन्हा ४.५. आई पुण्याला आली ती या दोन्ही धक्क्यांनंतर. तिला तो आवाज माहीत आहे. आधी जमिनीतून येतो, मग भांडी बोलतात, मग माणसं बाहेर पळतात. सिनेमाच्या ध्वनिमुद्रकानं मुंबईत बसून कुठल्याशा यंत्रावर जो आवाज बनवला, तो त्याच्या नकळत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता. माझी लेक त्याच आवाजाला "काय भारी बेस आहे" म्हणाली. दोघींच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या.

घरी आल्यावर मी आईला उरलेली गोष्ट सांगितली. ती भूत सोडून भलतीकडंच गेली. म्हणाली, "सोन्यापायी माणूस काय करतो ते आम्ही बघितलंय. मानवत." परभणीच्या पलीकडचं मानवत. १९७२ ते ७४ च्या दरम्यान तिथं लहान मुली आणि बायका यांचे एकामागून एक खून झाले, आणि तपासात त्यामागं गुप्तधनाचा हव्यास आणि अघोरी प्रकार निघाले. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले होते. आई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. सरपण आणायला, पाण्याला, परसाकडं, कुठंही एकट्या पोरीला जाऊ देत नसत. दुपारी रस्ते ओस. आईच्या आईनं तिला सांगून ठेवलं होतं की अनोळखी बाईनं जरी हाक मारली तरी जायचं नाही. हे आई मला पन्नास वर्षांनी सांगत होती आणि माझ्या लक्षात आलं की लहानपणी आम्हाला दुपारी बाहेर सोडताना तिच्या तोंडावर जे दिसायचं, ते उन्हामुळे नव्हतं. त्याच ऑक्टोबरात 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली, आशुतोष गोवारीकर, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर. माझ्या ऑफिसात सगळ्यांनी बघितली, चांगली आहे म्हणाले. मी आईला विचारलं, लावू का? ती म्हणाली, "नको. त्यातलं गाव खोटं असेल तरी मला खरंच दिसणार."

सांगायचं एवढंच की पडद्यावरचं भूत बऱ्याचदा रिकामं असतं. आपण आपल्या घरातलं कुणीतरी त्यात नेऊन बसवतो. दिग्दर्शक चांगला असेल तर तो जागा रिकामी ठेवतो. 'भूत' सिनेमात २००३ साली वर्मानं गाणी घातली नाहीत, जंगल नाही, हवेली नाही. उंच इमारतीतला नेहमीचा फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन. मुंबईत नवीन फ्लॅट घेतलेली माणसं त्या सिनेमाला जी भ्यायली, त्यात उर्मिला मातोंडकरचा अभिनय होताच, पण आपल्या आधी या घरात कोण राहत होतं आणि ते का गेलं हा प्रश्नही होता. गावाकडचे आपले लोक तोच सिनेमा बघून म्हणाले, "पिक्चर बरा आहे, पण लिफ्टला काय भ्यायचं, जिन्यानं जा की."

त्याच सुमारास मी पुण्यात नोकरीला लागले होते, आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. एकीनं 'द रिंग'ची सीडी आणली. मूळ जपानी 'रिंगू' १९९८ चा, हा त्याचा अमेरिकी अवतार. शापित व्हिडिओ कॅसेट, सात दिवस, आणि शेवटी ओल्या केसांची मुलगी टीव्हीतून बाहेर येते. पुण्याच्या मैत्रिणीनं त्यानंतर महिनाभर टीव्हीवर चादर टाकून ठेवली. मला टीव्हीचं काही वाटलं नाही. मला ती मुलगी टीव्हीत यायच्या आधी जिथून बाहेर येते, ती विहीर दिसत राहिली.

आपण विहिरींच्या गावची माणसं. आपली बारव बघायला आता लांबून लोक येतात, कॅमेरे लावतात, मला फार बरं वाटतं. पण लहानपणी आपल्याला कुठल्याही विहिरीकडं एकटं जायला बंदी होती. भर दुपारी जायचं नाही, अमावास्येला जायचं नाही, पाण्यातली बाई पाय ओढते. आज मी इंजिनिअर म्हणून त्याच्याकडं बघते तेव्हा वाटतं, शेतातल्या विहिरींना कठडे नव्हते म्हणून तिथं बाई बसवली होती. कठड्यापेक्षा स्वस्त, आणि मुलं ऐकायचीही.

पण आणखी एक गोष्ट आहे, ती मुलींना कळायची आणि मुलांना कदाचित कळली नसेल. मोठ्या बायका हळू आवाजात बोलायच्या तेव्हा विहिरीतली बाई नुसती 'बाई' नसायची. तिला नाव असायचं, सासर असायचं, किती वर्षं झाली होती लग्नाला हेही असायचं. पेपरात एकच वाक्य यायचं, पाय घसरून पडली.

आपल्याबरोबर आठवीपर्यंत असलेली आणि दहावीच्या फोटोत नसलेली आपली एक मैत्रीण आहे. नाव मी घेणार नाही, सगळ्यांना माहीत आहे. कवितांना चाली लावायची. दिवाळीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं आणि ती वर्गात परत आली नाही. आपण दहावीचे पेपर देत होतो त्या महिन्यात तिच्या सासरकडून निरोप आला होता, तोही तसाच, पाय घसरल्याचा. तिला शेतात जन्म काढलेल्या आईबापांनी वाढवलं होतं. पाय कुठं घसरतो हे तिला माहीत होतं. 'रिंग'मधली मुलगी विहिरीच्या कडेवर हात ठेवते तेव्हा माझ्या तिन्ही मैत्रिणी किंचाळल्या. मी किंचाळले नाही. मला वाटत होतं, कुणीतरी तिला वर घ्या.

म्हणून आता 'लपाछपी'. विशाल फुरियांचा सिनेमा, २०१७ साली लागला. आठ महिन्यांची गरोदर नेहा, म्हणजे पूजा सावंत, नवऱ्याबरोबर लपायला एका घरात येते. घर कुठं, तर उसाच्या फडाच्या मधोमध. उसानं वेढलेलं, वाट सापडू नये असं. घरात तुळसाबाई, उषा नाईक. गोड बोलणारी, वेळेवर ताट वाढणारी, पोटाकडं बघून हसणारी. पुढं भूत आहे, मुलं आहेत, लपाछपीचा खेळ आहे, आणि सगळ्याच्या तळाशी आहेत जन्माला येऊ न दिलेल्या मुली. मुंबईच्या परीक्षणांत लिहिलं होतं की उसाच्या फडाचा भयपटासाठी छान वापर केलाय. खरंच केलाय. पण ज्यांनी ऊस फक्त रसवंतीवर बघितलाय त्यांना तो चक्रव्यूह वाटतो. आपल्या बायकांना ऊस म्हणजे काय ते विचारा. डोक्याच्या वर गेलेल्या उसात दहा पावलांवर माणूस दिसत नाही, हाक मारली तर पानांच्या सळसळीत जाते, आणि खालच्या वाटेनं एकटं घरी यायचं असतं.

जी मैत्रीण मला वेगळा मेसेज करून बोलली, तिला मी फोन केला. तिचं घर शेतात आहे, तिन्ही बाजूंनी ऊस, कारखान्याला जातो. मी विचारलं, उसाची भीती वाटली का? ती हसली. "ऊस तर रोजचाच. साप, रानडुक्कर, सगळं बघतो आपण." मग? बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "ती म्हातारी वाढत असती ना ताटात. लई मायेनं. तिथं बंद केलं मी." तिला तीन मुली आहेत. दुसरीच्या आणि तिसरीच्या वेळी तिला असंच मायेनं वाढलं गेलं होतं, आणि जेवण झाल्यावर तालुक्याला 'तपासून' यायचा विषय निघायचा. गर्भलिंग चाचणीविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ मध्येच कायदा केला, देशात पहिला. देशाचा कायदा १९९४ चा. तरी २००१ मध्ये राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ९१३ मुली होत्या आणि २०११ च्या जनगणनेत ८९४. आपल्याच मराठवाड्यातल्या बीडमध्ये ८०७. माझी मैत्रीण दोन्ही वेळा गेली नाही. कशी गेली नाही, काय काय ऐकून घेतलं, ते तिनं मला सांगितलं आणि ते मी इथं सांगणार नाही. तिच्या मोठीला या वर्षी नर्सिंगला प्रवेश मिळालाय, एवढं सांगायची तिनं परवानगी दिली आहे.

तिला त्या सिनेमात भूत दिसलंच नाही, कारण भूत यायच्या आधीच तिनं तो बंद केला होता. आणि तरीही ग्रुपवरच्या सगळ्या उत्तरांत मला तिचंच उत्तर सगळ्यात भीतीदायक वाटलं.

फुरियांनीच पुढं २०२१ मध्ये हाच सिनेमा हिंदीत 'छोरी' नावानं केला. तो मी माझ्या लेकीबरोबर घरी बघितला. ती पायावर पाय टाकून, पॉपकॉर्न खात, अगदी निवांत. ज्या ठिकाणी मी उशी आवळून बसले होते तिथं तिनं मला विचारलं, "पण मम्मा, ती कुणाला फोन का नाही करत?" मी म्हटलं रेंज नाही. "मग रेंज असती तर संपलं ना सगळं?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला हा किस्सा हसत हसत सांगितला. ती म्हणाली, "रेंज होती की आमच्याकडं. कुणाला लावायचा, ते सांग तुझ्या पोरीला."

मी अजून पोरीला सांगितलेलं नाही. ती आज इथं आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे, आणि माझी मैत्रीणही इथंच आहे. दोघींची जेवताना गाठ घालून देणार आहे, काय बोलायचं ते त्या ठरवतील.

ज्यांनी ग्रुपवर अजून उत्तर दिलेलं नाही त्यांनी मला जेवणाच्या रांगेत गाठावं. सरांनीही. सर, तुम्ही वर्गात कधीच कशाला घाबरलेले दिसला नाहीत, त्यामुळं तुमचं उत्तर ऐकायची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. संयोजक घड्याळ दाखवतायत. थांबते.